लेगोची गाडी बनवताना स्केल कसं बसवायचं: टायरपासून टपापर्यंत

स्वतःच्या डिझाईनची गाडी बनवताना बहुतेकांची सुरुवात एकाच ठिकाणी चुकते. डब्यात हात घालायचा, जे चार सारखे टायर सापडतील ते घ्यायचे, सहा स्टड (ब्रिकवरचे गोल उंचवटे) रुंद चॅसी लावायची आणि मग वर बॉडी चढवत जायची. शेवटी गाडी होते, पण ओळखू येत नाही. माझी पहिली मारुती ८०० अशीच झाली होती, दोन रविवार घालवले, रंग बरोबर, ग्रिल बरोबर, मागचे दिवे बरोबर, आणि भावाने बघून म्हटलं, "जिप्सी भारी झालीये."

त्याचं काही चुकलं नव्हतं, टायर २४ मिमीचे होते. त्या रुंदीला २४ मिमी म्हणजे खऱ्या मापात ७२ सेंटिमीटरचं चाक, आणि ८०० चं चाक जेमतेम ५१ सेंटिमीटरचं असतं.

दुसरी चूक याच्या उलट बाजूची. काही जण आधी स्केल ठरवतात, "मी १:४० मध्ये बनवणार", आणि मग सगळी मापं ४० ने भागत बसतात. रुंदी येते साडेचार स्टड, टायर येतो पावणेतेरा मिमी, दोन्ही हातात नाही, मग इकडे थोडं ओढ तिकडे थोडं दाब करत स्केल कुठेच राहत नाही. स्केल आधी ठरवायचंच नसतं. टायर आणि रुंदी या दोन गोष्टी जमवायच्या, त्यातून स्केलचा आकडा आपोआप बाहेर पडतो, आणि एकदा पडला की मग मात्र त्याला चिकटून राहायचं.

खाली सगळं उदाहरण मारुती ८०० चं घेतलंय कारण ती सगळ्यांनी आतून-बाहेरून बघितलेली आहे. पद्धत कुठल्याही गाडीला तीच.

१. आधी पट्टी तयार करा

चार आकडे पाठ पाहिजेत. एक स्टड ते पुढचा स्टड ८ मिमी. ब्रिकची उंची ९.६ मिमी. प्लेटची (म्हणजे पातळ ब्रिकची) उंची ३.२ मिमी, म्हणजे तीन प्लेट एक ब्रिक. आणि वरचा जो गोल स्टड बाहेर येतो तो साधारण १.७ मिमी.

यातली गोम अशी की आडवं मोजताना पायरी ८ मिमीची आहे आणि उभं मोजताना ३.२ मिमीची. म्हणजे उंचीत एखादी प्लेट चुकली तर डोळ्याला फारसं कळत नाही, पण सहा स्टडच्या गाडीत एक स्टड चुकला तर थेट १७ टक्के चुकलात. म्हणून रुंदी आधी, उंची नंतर.

जाड कागदाच्या दोन पट्ट्या कापा. एकीवर दर ८ मिमीला रेघ, दुसरीवर दर ३.२ मिमीला. दुसरी पट्टी आखताना एकेक ३.२ मोजत गेलात तर दहाव्या रेघेपर्यंत घसरलेले असाल, त्यामुळे आधी दर १६ मिमीला रेघ मारा आणि त्याचे पाच भाग करा. पाच प्लेट म्हणजे बरोबर दोन स्टड, हा हिशोब पुढे आडव्या बसवलेल्या ब्रिकनाही लागतो.

*तपासा:* पाच प्लेट एकावर एक रचून आडव्या करा आणि दोन स्टडच्या ब्रिकशेजारी ठेवा, वरचे स्टड सोडून उंची-रुंदी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर तुमच्या डब्यात दुसऱ्या कुठल्या कंपनीचे ब्रिक मिसळलेत, ते बाजूला काढा.

२. खऱ्या गाडीची मापं जमवा

सहा मापं लागतात: लांबी, रुंदी, उंची, व्हीलबेस (पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत), टायरचा साईज आणि ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचा तळ जमिनीपासून किती वर). कंपनीच्या ब्रोशरमध्ये किंवा मालकाच्या हँडबुकमध्ये सगळं असतं.

मारुती ८०० (१९८६ नंतरची, जी आपण सगळ्यांनी बघितली ती): लांबी ३३३५, रुंदी १४४०, उंची १४०५, व्हीलबेस २१७५, सगळं मिमीमध्ये. टायर १४५/७० आर १२.

टायरवरचा आकडा वाचायला शिका, कारण पुढची सगळी इमारत त्यावर आहे. १४५ म्हणजे टायरची रुंदी मिमीमध्ये. ७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे १०१.५ मिमी. १२ म्हणजे रिमचा व्यास इंचात, म्हणजे ३०४.८ मिमी. भिंत वर पण आहे आणि खाली पण, म्हणून दोनदा धरायची: ३०४.८ अधिक २०३, झाले जवळपास ५०८ मिमी. इथे लोक हमखास भिंत एकदाच धरतात आणि मग टायर पाचवा हिस्सा बारीक येतो.

जी मापं ब्रोशरमध्ये नसतात (काच कुठे सुरू होते, दार किती उंच, बॉनेट किती लांब) ती फोटोवरून काढायची. बरोबर बाजूने काढलेला फोटो घ्या, व्हीलबेस किती पिक्सेल येतो ते मोजा. समजा ८७० पिक्सेल आला, तर २१७५ भागिले ८७०, एक पिक्सेल म्हणजे अडीच मिमी. आता दाराच्या खालच्या कडेपासून काचेच्या खालच्या कडेपर्यंत २७० पिक्सेल असतील तर ते खऱ्यात ६७५ मिमी.

*सावधान:* फोटो स्वतः काढत असाल तर गाडीला चिकटून मोबाईलने काढू नका, जवळचं चाक मोठं आणि टोकं वाकडी येतात. आठ-दहा मीटर मागे जा, झूम करा, मोबाईल दाराच्या हँडलच्या उंचीवर धरा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एवढी जागा मिळत नाही हे मान्य, पण मग मैदानाच्या कडेला उभी असलेली गाडी शोधा.

अजून एक. ब्रोशरमधल्या रुंदीत सहसा आरसे धरलेले नसतात. तुम्ही फोटोवरून रुंदी काढली आणि आरशांसकट मोजली तर गाडी एका स्टडने फुगते.

३. टायर निवडा, बाकी काही नाही

हा टप्पा नीट करा, बाकीचं सोपं जातं. ब्रिक जोडून तुम्ही कुठलीही लांबी बनवू शकता, पण टायर बनवता येत नाही. जो आहे तो आहे. बऱ्याच लेगो टायरच्या भिंतीवर साईज बारीक अक्षरात छापलेला असतो, पहिला आकडा व्यास, दुसरा रुंदी, मिमीमध्ये. नसेल तर व्हर्नियरने मोजा. नेहमी मिळणाऱ्यांपैकी काही: १४ मिमी व्यासाचे छोटे, १७.५ × ६, २४ × १४, ३०.४ × १४, ४३.२ × २२, मग मोठ्यात ६२.४ × २० आणि ८१.६ × ३८.

खऱ्या टायरचा व्यास भागिले लेगो टायरचा व्यास, हे झालं तुमचं टायरचं स्केल. ८०० साठी:

१४ मिमीचा टायर: ५०८ ÷ १४ = १:३६
१७.५ मिमीचा: १:२९
२४ मिमीचा: १:२१

टायरची रुंदी पण बघा, हे कोणीच बघत नाही. १४५ मिमीचा टायर १:३० ला ४.८ मिमी होतो, म्हणून ६ मिमी रुंदीचा टायर चालून जातो. तोच २४ × १४ लावलात तर १४ मिमी म्हणजे १:३० ला ४२ सेंटिमीटर जाड टायर, एसटीच्या टायरपेक्षाही जाड. माझ्या जिप्सीचं अर्धं पाप याचंच होतं.

४. रुंदीशी जुळवा, मग स्केल पक्कं करा

आता ८०० ची रुंदी १४४० मिमी. प्रत्येक रुंदीला स्केल काय येतं आणि त्या स्केलला टायर किती हवा ते लिहून काढा:

४ स्टड (३२ मिमी): १:४५, टायर हवा ११.३ मिमी
५ स्टड (४० मिमी): १:३६, टायर हवा १४.१ मिमी
६ स्टड (४८ मिमी): १:३०, टायर हवा १६.९ मिमी
७ स्टड (५६ मिमी): १:२५.७, टायर हवा १९.८ मिमी
८ स्टड (६४ मिमी): १:२२.५, टायर हवा २२.६ मिमी

दुसऱ्या ओळीत १४.१ आणि हातात १४, म्हणजे पाच स्टडची ८०० जवळजवळ तंतोतंत बसते. तिसऱ्या ओळीत १६.९ हवा आणि १७.५ मिळतो, साडेतीन टक्के मोठा, डोळ्याला कळत नाही. आठ स्टडला २४ चा लावला तर सहा टक्के मोठा, चालेल पण टायर रुंद असल्यामुळे गाडी जराशी मस्तवाल दिसणार. सात स्टडला जवळचा टायर शोधत बसावं लागेल.

माझा नियम: टायर पाच टक्क्यांच्या आत असेल तर डोळे झाकून घ्या, दहापर्यंत असेल तर विचार करा, त्यापुढे असेल तर रुंदी बदला. टायर आवडला म्हणून स्केल वाकवू नका.

थारसारखी गाडी असेल तर गणित वेगळं पडतं. २५५/६५ आर १८ म्हणजे ७८९ मिमीचा टायर, २४ चा लावला तर १:३३ येतं. रुंदी १८२० धरली तर ५५ मिमी, म्हणजे सात स्टड. म्हणजे थार सात स्टडची बनवायची, सहाची नाही आणि आठची पण नाही. सगळे सात स्टडला घाबरतात कारण मधोमध जोड येत नाही, स्टडची रांग येते, पण एक-दोन जंपर प्लेट (दोन स्टडच्या जागी मध्ये एकच स्टड असलेली) लावल्या की सुटतं.

मोठं काम करायचं असेल तर एक गंमत सांगतो. लेगोच्या टेक्निक मालिकेतल्या मोठ्या सुपरकार, २०१६ ची पोर्शे ९११ जीटी३ आरएस, २०१८ ची बुगाटी शिरॉन वगैरे, १:८ च्या आहेत. ८०० ला ६२.४ × २० चा टायर लावला तर ५०८ ÷ ६२.४, म्हणजे १:८.१. बावीस स्टड रुंद आणि एक्कावन्न स्टड लांब मारुती, शिरॉनच्या शेजारी अगदी बरोबर मापात उभी राहील. कोणीतरी करा राव, माझ्याकडे एवढे पांढरे ब्रिक नाहीत.

आपण इथे ६ स्टड, १:३० धरून पुढे जाऊ.

*थांबा:* या टप्प्यावर आकडा कागदावर लिहा आणि डब्याच्या झाकणाला चिकटवा. १:३०. इथून पुढे एकही माप नजरेने घ्यायचं नाही.

५. सगळी मापं स्टड आणि प्लेटमध्ये

आडवी मापं: खरं माप ÷ ३० ÷ ८ = स्टड.
उभी मापं: खरं माप ÷ ३० ÷ ३.२ = प्लेट.

लांबी ३३३५: १३.९ स्टड, धरा १४
व्हीलबेस २१७५: ९.०६ स्टड, धरा ९
रुंदी १४४०: ६ स्टड
उंची १४०५: १४.६ प्लेट, धरा १५
काचेखालचा दाराचा भाग ६७५: ७ प्लेट

लांबी, व्हीलबेस, रुंदी तिन्ही जवळजवळ पूर्ण आकड्यात, असं नशीब दर गाडीला नसतं.

जेव्हा साडेसहा, साडेनऊ असे आकडे येतील तेव्हा जंपर प्लेट वापरून अर्धा स्टड म्हणजे ४ मिमी सरकवता येतं. ब्रॅकेटची (काटकोनात वळलेल्या तुकड्याची) पातळ बाजू अर्ध्या प्लेटची, १.६ मिमीची असते, त्याने अजून बारीक जमवता येतं. पण हे शेवटी. आधी पूर्ण आकड्यात सांगाडा उभा करा.

कुठलं माप वर धरायचं कुठलं खाली, यात सगळ्यांचा घोटाळा होतो, कारण प्रत्येक माप वेगळं वेगळं राउंड करतात. लांबी वर, उंची खाली असं झालं की गाडी चपटी आणि लांब होते, सेडान वाटायला लागते. त्यामुळे राउंड करून झाल्यावर लांबी भागिले उंची एकदा करा. खऱ्या ८०० चं ३३३५ ÷ १४०५ म्हणजे २.३७. आपल्या मॉडेलचं ११२ मिमी ÷ ४८ मिमी म्हणजे २.३३. ठीक आहे. फरक ०.१५ च्या वर गेला तर कुठलं तरी एक माप उलट्या बाजूला राउंड करून बघा.

६. साइड व्ह्यू मापात प्रिंट करा

हे न करता पुढे गेलात तर परत इथे यावं लागतं, अनुभव आहे.

बाजूचा फोटो किंवा रेखाचित्र प्रिंट करा. प्रिंटवर व्हीलबेस पट्टीने मोजा. आपल्याला ७२.५ मिमी पाहिजे (२१७५ ÷ ३०). समजा पहिल्या प्रिंटवर ११६ मिमी आला, तर ७२.५ ÷ ११६ × १००, म्हणजे ६२.५ टक्के. प्रिंटच्या सेटिंगमध्ये तो आकडा टाकून परत काढा.

*सावधान:* कागदाच्या आकाराला चित्र आपोआप बसवायचं जे ऑप्शन असतं ते बंद करा. ते चालू राहिलं की तुम्ही काहीही टक्के टाका, प्रिंटर त्याच्या मनाचं करतो. झेरॉक्सवाल्याकडे काढत असाल तर त्याला दोनदा सांगा, आणि दुकानातच पट्टी लावून मोजा, घरी येऊन नाही.

आता आठ मिमीची पट्टी आडवी आणि ३.२ ची उभी लावून त्या प्रिंटवर जाळी आखा. पेन्सिलने. बॉनेट कुठल्या स्टडवर संपतं, पुढची काच कुठे सुरू होते, मागचं दार कुठून उतरतं, सगळं चौकटीत दिसायला लागतं. ८०० मध्ये एक गोष्ट लगेच लक्षात येईल, चाकं किती टोकाला आहेत. चौदा स्टडमधले नऊ चाकांमध्ये, म्हणजे पुढे-मागे मिळून फक्त पाच उरतात. मनाने बनवताना माणूस चाकं नेहमी आत घेतो कारण खेळण्यातल्या गाड्यांची तशी सवय झालेली असते.

७. चॅसी: चाकं जागेवर, उंची जागेवर

फक्त चॅसी. चार चाकं, मध्ये प्लेट, बाकी काही नाही. प्रिंटवर ठेवा. चाकांचे मध्य चित्रातल्या चाकांच्या मध्यावर आले पाहिजेत.

मग उंची. चाकं लावलेली चॅसी टेबलावर ठेवा आणि टेबलापासून चॅसीच्या प्लेटची वरची बाजू किती मिमीवर आहे ते मोजा. चाक धरायच्या प्लेट वेगवेगळ्या प्रकारच्या असतात, काहींमध्ये चाक खाली लटकतं, काहींमध्ये वर चढतं, त्यामुळे अंदाजाने नाही, मोजूनच. हा आकडा लिहून ठेवा, बॉडीची उंची इथून सुरू होणार.

८०० चा ग्राउंड क्लिअरन्स साधारण १७ सेंटिमीटर, १:३० ला साडेपाच-पावणेसहा मिमी, म्हणजे दोन प्लेटपेक्षा जरा कमी. तुमची चॅसी चार प्लेट वर तरंगत असेल तर ती परत जिप्सी झाली.

*तपासा:* टायर वरून बघा. टायरची बाहेरची कड बॉडीच्या सहा स्टडच्या रेषेच्या किंचित आत हवी. बाहेर आली तर रेसिंग गाडी, फार आत गेली तर हातगाडी. गाडी ढकलून बघा, नंतर चाकावर बॉडी घासली तर तेव्हा उघडायला कंटाळा येतो.

८. बॉडी: उंचीचा जमाखर्च

पंधरा प्लेट आहेत तुमच्याकडे, पगार असतो तसा, आधी वाटून टाका. मी असं वाटलं:

जमिनीपासून बॉडीच्या खालच्या कडेपर्यंत: २
दार काचेपर्यंत: ७
काच: ५
टप: १

हे आधी न लिहिता वर चढत गेलं की काय होतं, दार आठ-नऊ प्लेटचं होतं कारण तीन ब्रिक लावायला सोपं पडतं, मग काचेला तीन उरतात किंवा एकूण उंची अठरावर जाते. ८०० ची ओळखच तिच्या मोठ्या काचेत आहे. काच पाचच्या खाली गेली की ती आजच्या हॅचबॅकसारखी दिसायला लागते, दारं उंच आणि काचा चिंचोळ्या.

टपावरचे स्टड विसरू नका. १.७ मिमी म्हणजे खऱ्यात पाच सेंटिमीटर. म्हणून टपाला वरून टाईल (स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट), किंवा मग स्टड धरूनच हिशोब. दोन्हीपैकी एक ठरवा आणि सगळ्या गाड्यांना तेच ठेवा.

दुसरी गोष्ट, गाडी खोका नसते. कंबरेपर्यंत सहा स्टड बरोबर, पण काचेपासून वर बाजू आत झुकतात. समोरून फोटो बघा आणि टपाची रुंदी वेगळी मोजा. सरळ सहा स्टड टपापर्यंत नेले की टेम्पो होतो. टपाची प्लेट जंपरवर अर्धा-अर्धा स्टड आत घेतली, म्हणजे पाच स्टडचा टप, की एकदम फरक पडतो. मला विचाराल तर मापं जुळल्यावर सगळ्यात जास्त फरक याच एका गोष्टीने पडतो.

बॉनेटचा उतार, दिवे, नंबर प्लेट, यावर मी इथे काही लिहीत नाही, ते ज्याच्या त्याच्या डब्यावर अवलंबून. फक्त बॉनेट कुठे संपतं ते प्रिंटवरून घ्या.

९. शेजारी दुसरी गाडी उभी करा

एकटी गाडी कधीच स्केल सांगत नाही. स्केल कळतं ते दुसरी गाडी शेजारी आली की. आणि इथेच "सगळ्या गाड्या सहा स्टड" वाली सवय उघडी पडते.

१:३० ला बाकीच्यांची मापं:

प्रीमियर पद्मिनी (काळी-पिवळी): रुंदी १.४६ मीटर, म्हणजे सहाच स्टड. पण लांबी ३.९३ मीटर, म्हणजे साडेसोळा स्टडच्या आसपास. मारुतीएवढीच रुंद, पण तिच्यापेक्षा अडीच स्टड जास्त लांब. व्हीलबेस २३४० म्हणजे पावणेदहा.

अँबॅसडर: रुंदी १६६२, सात स्टड. लांबी ४३२५, अठरा स्टड. उंची १५९३, म्हणजे मारुतीपेक्षा दोन प्लेट उंच.

रिक्षा: साधारण २.६ मीटर लांब, १.३ रुंद, १.७ उंच. अकरा स्टड, साडेपाच स्टड आणि अठरा प्लेट.

रिक्षाचा शेवटचा आकडा परत वाचा. मारुती पंधरा प्लेट, रिक्षा अठरा. खरंच तसं आहे, सिग्नलला ८०० मध्ये बसून शेजारच्या रिक्षाकडे बघितलं की तिचा टप आपल्या टपाच्या वर दिसायचा. पण जवळजवळ सगळे रिक्षा कारपेक्षा बुटकी बनवतात, कारण डोक्यात "रिक्षा छोटी" असं पक्कं असतं. ती अरुंद आणि आखूड आहे, बुटकी नाही.

एसटी किंवा शहरातली बस: नियमाप्रमाणे रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर. १:३० ला पावणेअकरा स्टड, म्हणजे अकरा स्टडची बस! आठ स्टडची बस सहा स्टडच्या मारुतीशेजारी लावली की ती मिनीबस दिसते. अकरा मीटरची बस धरली तर लांबी सेहेचाळीस स्टड येते आणि एवढे ब्रिक घालवायला जीव होत नाही. मग काय करायचं? लांबी कापा. खिडक्या मोजा, मधल्या दोन-तीन कमी करा, प्रत्येक खिडकीची रुंदी मात्र तीच ठेवा. लांबी कापलेली डोळा माफ करतो, रुंदी आणि उंची कापलेली नाही. चाकाचा साईज तर अजिबात नाही.

*तपासा:* दोन गाड्या शेजारी ठेवा आणि खऱ्या मापातला फरक ÷ ३० करून बघा. रिक्षा आणि मारुतीत २९-३० सेंटिमीटरचा फरक, म्हणजे मॉडेलमध्ये एक सेंटिमीटर, तीन प्लेट. आला तर दोन्ही बरोबर. नाही आला तर कुठली चुकली ते आता शोधा.

१०. मिनिफिगचं (लेगोच्या छोट्या माणसाचं) काय करायचं

सगळ्यात जास्त भांडणं यावरून. "मिनिफिग स्केल म्हणजे किती?" याला एक उत्तरच नाही. मिनिफिग उभा साधारण ४० मिमी. १.७ मीटरचा माणूस धरला तर १:४२ च्या आसपास. पण हातांसकट त्याची रुंदी तीन स्टडच्या जवळ जाते, त्या हिशोबाने तो १:२० चा निघतो. उंचीने बुटका, रुंदीने पैलवान. त्यामुळे उंचीवरून १:४२ धरून ८०० बनवली तर ती सव्वाचार स्टडची होते आणि मिनिफिग आत शिरतच नाही.

१:३० हे मधलं आहे म्हणून बरं पडतं. पण सहा स्टडच्या गाडीत दोन्ही बाजूच्या भिंती गेल्या की आत चारच स्टड उरतात, त्यात दोघं शेजारी शेजारी बसत नाहीत, हात अडकतात. एकच बसवा, मधोमध. हे चुकीचं दिसत असेल तर सांगतो, लेगोच्या स्पीड चॅम्पियन्स गाड्या २०१९ पर्यंत सहा स्टडच्या होत्या आणि त्यातही एकच माणूस मधोमध बसायचा. २०२० पासून त्या आठ स्टडच्या झाल्या, तेव्हा दोघांची सोय झाली. तुम्हालाही आई-बाबा दोघं पुढे बसवायचे असतील तर वर लिहिलेली आठ स्टडची ओळ घ्या, १:२२.५, आणि मग रिक्षा, बस सगळं त्याच आकड्याने परत काढा. एक गाडी १:२२.५ आणि दुसरी १:३० असं एका रस्त्यावर चालणार नाही.

बसवताना केसांचा तुकडा काढून बसवा, टपाला डोकं लागतं. तरी लागत असेल तर सीटची प्लेट काढून थेट चॅसीवर बसवा. टप वर उचलू नका, त्याच्यासाठी पंधराचे सतरा केले की रिक्षाशी केलेला सगळा हिशोब गेला.

जाता जाता रेल्वेवाल्यांसाठी: तिथे हे सगळं उलटं, स्केल रूळ ठरवतो. लेगोच्या रुळांमधलं अंतर ३७.५ मिमी. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे १:४५ च्या जरा अलीकडे. जुना निळा आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा ३२४५ मिमी रुंद, त्याला नऊ स्टड लागतात, सहा-आठ नाही. आणि माथेरानची गाडी करायची असेल तर तिचा रूळ ६१० मिमीचा, त्याच लेगोच्या रुळावर ती १:१६ ला जाते, म्हणजे डबे अवाढव्य होतील. त्यापेक्षा माथेरानला स्वतःचे अरुंद रूळ प्लेट आणि टाईलवरून बनवून घ्या, १:३० ला ते वीस मिमी येतात, अडीच स्टड. ते मी अजून करतोय, वळणावर डबा उतरतोय.